चिरण्याची घाई

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि काही महिन्यांत देशभर लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. लाकडी बराकी, एकाला एक लागून खाटा आणि त्यांवर खेड्यापाड्यांतून भरती होऊन आलेली विशी-पंचविशीची पोरं. शहरात वाढलेल्या बहुतेकांना लहानपणीच गोवर येऊन गेलेला होता. दूरच्या शेतांवर वाढलेल्या या पोरांपैकी कित्येकांना तो कधी शिवलाच नव्हता. त्या हिवाळ्यात गोवराने छावण्या झोडपून काढल्या. १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्यात जवळपास एक लाख जणांना गोवर झाला आणि तीन हजारांवर माणसं दगावली. त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः गोवराच्या पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाने. आणि न्यूमोनियाशी झुंजत असतानाच त्यांतल्या अनेकांच्या छातीत पू झाला.

छातीत पू दोन ठिकाणी होतो. कधी तो फुप्फुसाच्या आत होतो. तिथला भाग सडतो, पोकळी पडते आणि तीत पू साठतो. हे फुप्फुसातलं गळू. कधी तो फुप्फुसाच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मधल्या फटीत होतो. फुप्फुसावर एक आणि बरगड्यांना आतून एक असं पातळ, गुळगुळीत आवरण असतं. या दोन आवरणांमध्ये एरवी जेमतेम काही चमचे पाणी असतं, ते घसरत राहण्यापुरतं. न्यूमोनियाची सूज आवरणापर्यंत पोचली की तिथे पाणी साठायला लागतं. ते गढूळ होतं, आणि वेळीच आवरलं नाही तर त्याचा पू होतो. याला डॉक्टर एम्पायमा म्हणतात. छावण्यांमधल्या पोरांना होत होता तो हा दुसरा प्रकार.

उपचार काय करायचा, यावर तेव्हाच्या सर्जनांमध्ये वाद नव्हता. पू आहे ना, मग काढा. पाठीकडून किंवा कुशीतून एका बरगडीचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापायचा, छाती उघडायची, पू वाहून जाऊ द्यायचा आणि जखम उघडी ठेवायची. जितक्या लवकर तितकं चांगलं. सैन्यात शिस्त असते, डॉक्टर हाताशी असतात, त्यामुळे निदान झाल्या झाल्या रोगी टेबलावर जात होता. आणि मरत होता. छावण्यांमधलं एम्पायमाचं मृत्यूचं सरासरी प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं. काही छावण्यांत ते सत्तर टक्क्यांपर्यंत गेलं.

ज्या घरात कुणाला केसतूड झालंय तिथल्या आजीलाही हे कोडं अर्धं सुटलं असतं. गळू पिकल्याशिवाय चिरू नये, हे आपल्याकडे शहाणपण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सुश्रुतसंहितेत तर व्रणशोथाच्या तीन अवस्था स्वच्छ मांडल्या आहेत : कच्चा, पिकत असलेला आणि पिकलेला. कच्चा चिरणारा आणि पिकलेल्याकडे काणाडोळा करणारा, या दोन्ही वैद्यांना सुश्रुताने एकाच पंगतीत बसवून इतके जहाल शब्द वापरले आहेत की आजच्या मासिकात छापता येणार नाहीत. शरीराच्या आत होणाऱ्या गळवांची, अंतर्विद्रधींची, जागावार यादीही त्याने दिली आहे.

ग्रीकांकडे छातीतल्या पुवाचं ज्ञान आणखी नेमकं होतं. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत रोग्याला न हलणाऱ्या आसनावर बसवून, एकाला त्याचे हात धरायला लावून, वैद्याने त्याचे खांदे गदगदा हलवावेत आणि आतून डुबडुब आवाज कुठल्या बाजूने येतो ते ऐकावं, असं सांगितलं आहे. नेमकं कुठे चिरायचं हे ठरवण्याची एक युक्ती तर वाचून थक्क व्हायला होतं. बारीक वाटलेली माती कोमट पाण्यात कालवायची, त्यात तलम कापड भिजवून छातीभोवती गुंडाळायचं आणि ते सगळ्यांत आधी कुठे वाळतं ते पाहायचं. जिथे आत दाह जास्त, तिथे कातडी गरम, तिथलं कापड आधी सुकणार. मग तिथे सुरी चालवायची किंवा बरगडीला भोक पाडायचं. आणि इथे खरी मेख आहे : सगळा पू एकदम काढायचा नाही. थोडा काढायचा, भोकात दोरा बांधलेली कापडाची वात सारून ते बंद करायचं आणि रोज एकदाच थोडा पू सोडायचा. दहाव्या दिवसाच्या सुमारास, पू सरल्यावर, कोमट वाइन आणि तेलाने पोकळी धुवायची. पुढे स्राव पातळ झाला की कथिलाची पोकळ नळी बसवायची आणि ती हळूहळू आखूड करत न्यायची. छातीत हवेचा दाब कसा असतो याची त्या माणसांना सुतराम कल्पना नव्हती. तरी भोक बंद ठेवायचं, हे त्यांनी अनुभवाने हेरलं होतं.

मधल्या दोन हजार वर्षांत हे बरंचसं हरवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छाती उघडणं ही जवळजवळ फाशीची शिक्षा होती. पॅरिसचा ग्योम द्युपित्राँ हा युरोपातला नावाजलेला सर्जन. १८३५ मध्ये त्याच्याच छातीत पू झाला, तेव्हा त्याने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि तो मेला. आपल्या धंद्याचे आकडे त्याला ठाऊक होते, एवढाच याचा अर्थ. १८५० मध्ये बॉस्टनजवळ मॉरिल वायमन आणि हेन्री बाउडिच यांनी सुई घालून पिचकारीने छातीतलं पाणी ओढून काढायची पद्धत रूढ केली. पातळ पाण्याला ती छान लागू पडली, दाट पुवाला नाही. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊने १८७५ मध्ये वेगळाच मार्ग काढला. बरगड्यांच्या मधून नळी घालायची आणि तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बुडवायचं. पू बाहेर येतो, पण हवा आत जाऊ शकत नाही. ब्यूलाऊ हा औषधवैद्य, सर्जन नव्हे. त्याने ही पद्धत सविस्तर छापली तीही १८९१ साली. सर्जन मंडळींनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तोवर भूल आली होती, जंतुनाशकं आली होती, बरगडी कापणं सोपं झालं होतं. हातात सोय आली की माणसाला ती वापरायची घाई होतेच.

आणि खरं सांगायचं तर बरगडी कापून गुण येतही होता. कारण शांततेच्या काळात येणारा बहुतेक एम्पायमा न्यूमोकॉकस नावाच्या जंतूचा असे. या जंतूचा न्यूमोनिया आधी ओसरतो आणि पू नंतर होतो. तोही दाट, पिवळा-हिरवा. तोवर आजूबाजूचं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि पुवाभोवती कप्पा तयार झालेला असतो. असा कप्पा उघडला तर बाकीच्या छातीला धक्का लागत नाही. सर्जनांनी नियम शिकला तो या रोग्यांवरून. छावण्यांमध्ये आला होता तो दुसराच जंतू, स्ट्रेप्टोकॉकस.

हे लक्षात येईपर्यंत शेकडो पोरं गेली होती. १९१८ च्या सुरुवातीला सर्जन जनरल विल्यम गॉर्गस यांनी, पनामा कालव्यावरचा पीतज्वर हटवणारे तेच हे गॉर्गस, एक एम्पायमा आयोग नेमला आणि तो व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गजवळच्या कॅम्प लीमध्ये पाठवला. आयोगाचे प्रमुख एडवर्ड डनहॅम. त्यांच्या हाताखाली होता पस्तिशीच्या आतबाहेरचा एक कॅप्टन, इव्हार्ट्‌स ग्रॅहॅम.

ग्रॅहॅम शिकागोतल्या सर्जनाचा मुलगा. स्वतः सर्जन झाल्यावर त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. त्या काळी हे चमत्कारिकच समजलं गेलं असणार. सैन्यात येण्याआधी तो आयोवातल्या मेसन सिटीत व्यवसाय करत होता आणि तिथल्या कट प्रॅक्टिसला वैतागला होता. रोगी पाठवणाऱ्या डॉक्टरला फीमधला वाटा द्यायचा, हा आपल्याला पुरता परिचित असलेला प्रकार तिथेही राजरोस चालत असे. पुढे आयुष्यभर ग्रॅहॅम त्याविरुद्ध भांडत राहिला. अशा माणसाला, सगळेच करतात म्हणून एखादी गोष्ट बरोबर असं मानायची सवय नव्हती.

त्याने आणि कॅप्टन रिचर्ड बेलने कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रश्न साधा होता : छातीला भोक पाडल्यावर नेमकं काय होतं? तोवरची समजूत अशी, की उजवी आणि डावी छाती या स्वतंत्र खोल्या आहेत. एका बाजूला हवा शिरली तर त्या बाजूचं फुप्फुस मिटेल, पण दुसऱ्या बाजूवर माणूस श्वास घेत राहील. ग्रॅहॅम आणि बेल यांनी दोन्ही बाजूंचे दाब मोजले आणि ते जवळजवळ सारखे निघाले. मधला भाग, म्हणजे हृदय, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या ज्यात असतात तो, भिंतीसारखा घट्ट नसून वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यासारखा असतो. एका बाजूला हवा शिरली की तो दुसरीकडे ढकलला जातो आणि दोन्ही फुप्फुसं दबतात. आपण श्वास घेतो म्हणजे छाती फुगवून आत दाब कमी करतो, आणि घशातून हवा आत येते. छातीच्या भिंतीलाच मोठं भोक असेल तर हवा त्या वाटेने शिरते आणि फुप्फुसाच्या वाट्याला कमी येते. किती मोठं भोक सहन होईल, हे रोग्याच्या श्वासाच्या ताकदीवर अवलंबून असतं. धडधाकट माणूस बऱ्यापैकी मोठं भोकही काही काळ सोसतो. ज्याचं निम्मं फुप्फुस न्यूमोनियाने भरलंय, त्याला बोटभर भोकही पुरतं.

गंमत म्हणजे उघड्या छातीचा धोका सर्जनांना माहीत नव्हता असं नाही. जर्मनीत फर्डिनांड साउअरब्रुखने १९०४ मध्येच त्यावर उपाय म्हणून एक खोलीवजा पेटी बांधली होती. सर्जन, त्याचे मदतनीस आणि रोग्याचं धड आत, डोकं बाहेर, आणि आतला हवेचा दाब कमी केलेला. छातीवरच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी एवढा खटाटोप मान्य होता. पू काढताना मात्र तो विचार कुणाला सुचत नव्हता. पू काढणं हे किरकोळ काम समजलं जाई ना!

स्ट्रेप्टोकॉकसचा पू न्यूमोनिया ऐन भरात असतानाच होतो. सुरुवातीला तो पू नसतोच, नुसतं गढूळ पाणी असतं, लिटर-लिटरने साठणारं. कुठे काही चिकटलेलं नसतं, कप्पा नसतो. छावणीतल्या डॉक्टरांनी सुई घातली, पाणी आलं, त्यात जंतू दिसले, की नियमाप्रमाणे छाती उघडली. आधीच धापा टाकणाऱ्या पोराच्या छातीत हवा शिरली, पडदा सरकला, दोन्ही फुप्फुसं मिटली. रोग्याला जिवाणूने अर्धं मारलं होतं, उरलेलं काम शस्त्रक्रियेने केलं.

आयोगाने सांगितलेला उपचार ऐकायला फार भव्य नाही. न्यूमोनिया चालू आहे तोवर छाती उघडायची नाही. रोग्याला धाप लागली तर सुईने पाणी काढायचं, लागेल तेवढ्या वेळा. न्यूमोनिया उतरला, पू दाट झाला, की हवा आत जाणार नाही अशा बेताने नळी घालायची. पोकळी डेकिनच्या जंतुनाशक द्रावणाने धुऊन लवकरात लवकर जंतुमुक्त करायची आणि फुप्फुस पुन्हा फुगून ती भरून येईल हे पाहायचं. आणि रोग्याला भरपूर खाऊ घालायचं, कारण एवढा पू वाहून जातो म्हणजे शरीरातली प्रथिनंच वाहून जातात. ही शेवटची सूचना मला फार आवडते. बाकी सगळे सर्जन सुरी केव्हा चालवायची यावर बोलत होते, आणि रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस पोरांच्या ताटात काय पडतं ते मोजायला सांगत होता.

कॅम्प लीमधलं मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. कुठलंही नवीन औषध मिळालेलं नसताना. त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची मोठी लाट आली. तिच्यात आपल्याकडे मुंबईपासून खेड्यांपर्यंत चिता आणि कबरी अपुऱ्या पडल्या आणि हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं गेली. अमेरिकी छावण्यांमध्येही न्यूमोनिया आणि एम्पायमा पुन्हा उसळले. पण आता तिथल्या डॉक्टरांना निदान एवढं कळलेलं होतं, की थांबणं हाही उपचार असतो.

थांबून सगळेच वाचत नव्हते. त्या काळातले सर्वांत मोठे वैद्यकशिक्षक सर विल्यम ऑस्लर यांनी न्यूमोनिया आणि एम्पायमा यांवर आयुष्यभर शिकवलं, आणि १९१९ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डला त्यांना न्यूमोनियानंतर एम्पायमाच झाला. सुईने काढून पाहिलं, शस्त्रक्रिया केली. २९ डिसेंबरला ते गेले.

राजा पाचवा जॉर्ज जास्त नशीबवान ठरला. मुंबईच्या गेटवेवर ज्याच्या आगमनाचा उल्लेख कोरलेला आहे, तोच हा राजा. नोव्हेंबर १९२८ मध्ये त्याला छातीचा संसर्ग झाला. तीन आठवडे ताप हटेना, रक्तात विष पसरलेलं, आणि पू आहे तरी कुठे हे सापडेना. १२ डिसेंबरला राजवैद्य लॉर्ड डॉसनने सुई घातली आणि ती बरोबर जागी पडली. त्याच संध्याकाळी बरगडीचा तुकडा काढून पू बाहेर काढण्यात आला. राजा वाचला, पण जखम महिनोन्‌महिने वाहत राहिली. जुलै १९२९ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या बरं होण्याबद्दल देवाचे आभार मानायचा सोहळा झाला, तेव्हाही ती पुरती भरलेली नव्हती. पुढच्याच आठवड्यात त्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. या दुखण्याच्या दोन-अडीच महिने आधी, सप्टेंबर १९२८ मध्ये, त्याच लंडनमध्ये सेंट मेरीज रुग्णालयातल्या अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली होती. तिच्यातून पेनिसिलिन रोग्यापर्यंत पोचायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली.

पेनिसिलिन आल्यावर चित्र पालटलं. फुप्फुसातल्या गळवाच्या बाबतीत तर फारच. १९२० च्या दशकात डेव्हिड स्मिथ या अमेरिकी डॉक्टरच्या लक्षात आलं होतं, की या गळवांमध्ये सापडणारे जंतू हिरड्यांच्या कडेला राहणारेच आहेत. दारूच्या नशेत, फेफऱ्यात, भुलीखाली टॉन्सिल काढताना तोंडातली घाण श्वासनलिकेत उतरते आणि तिथे गळू धरतं. त्यातला पू श्वासनलिकेत फुटला की रोगी वाटीवाटीने दुर्गंधी बेडका टाकतो. खोलीत पाऊल टाकताच निदान व्हावं इतका वास. पूर्वी या गळवालाही छातीतून चिरत. आता बहुतेक रोगी काही आठवडे प्रतिजैविकं घेऊन बरे होतात, कारण फुप्फुसातल्या पुवाला बाहेर पडायला श्वासनलिकेची वाट असते. एम्पायमाला ती नसते. म्हणून तिथे औषध आलं तरी नळी सुटली नाही.

नळीचीही एक अडचण होती. पू जुना झाला की त्यात जाळ्या धरतात, कप्प्यात कप्पे होतात आणि नळीतून काही येत नाही. यावरचा उपाय त्या मारेकऱ्याच्याच घरात सापडला. बाल्टिमोरमध्ये काम करणाऱ्या विल्यम टिलेटला १९३३ मध्ये दिसलं, की स्ट्रेप्टोकॉकस असा एक पदार्थ सोडतो ज्याने रक्ताच्या गुठळ्या विरघळतात. १९४९ मध्ये टिलेट आणि सॉल शेरी यांनी तो छातीतल्या पुवात सोडून जाळ्या तोडून दाखवल्या. ते स्ट्रेप्टोकायनेज. पुढे हृदयविकाराच्या झटक्यात ते आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत पोचलं. आज एम्पायमासाठी त्याच्या जागी दोन औषधांची जोडी वापरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ती उपयोगी ठरली. त्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून छाती साफ करतात. कॅम्प लीचा क्रम मोडलेला नाही : आधी सुई, मग बंद नळी, मग गरज पडली तर सुरी.

ग्रॅहॅमने १९३३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एका डॉक्टरचं एक संपूर्ण फुप्फुस एकाच बैठकीत काढलं, आणि तो रोगी तीस वर्षं जगला. १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याबरोबर त्याने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. स्वतः अनेक वर्षं सिगारेट ओढत आला होता, ती उशिरा सुटली. १९५७ मध्ये तो फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेला.

ब्यूलाऊची बाटली मात्र अजून चालू आहे. आपल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात छातीच्या वॉर्डात गेलात तर खाटेखाली ती दिसेल. आता ती बहुधा प्लॅस्टिकची असते, तळाशी पाणी, त्यात बुडालेली नळी. रोगी श्वास घेतो तसं नळीतलं पाणी वर-खाली होतं, खोकला की बुडबुडे येतात. सिस्टर नातेवाइकांना बजावत असतात : बाटली कमरेच्या वर उचलायची नाही, नळी पिळायची नाही, बाटली आडवी करायची नाही. आपल्याकडे यातले बरेच रोगी क्षयाचे असतात. त्यांचा एम्पायमा महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात न आल्याने इतका जुना झालेला असतो, की फुप्फुसावर जाड साल धरते आणि ते फुगतच नाही. अमेरिकी सैन्यात चिरायची घाई नडली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सुश्रुताने एका पंगतीत बसवलेल्या दोघांपैकी हा दुसरा.

तेव्हा न्यूमोनियाचं औषध चालू असूनही तीन-चार दिवसांत ताप उतरत नसेल, एका कुशीत श्वासाबरोबर दुखत असेल, किंवा दुर्गंधी बेडका पडत असेल, तर औषध बदलून घेण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी करून घ्या. आत पाणी निघालं आणि डॉक्टरांनी सुई किंवा नळी सुचवली, तर 'आधी गोळ्यांनी बघू' म्हणून आठवडा घालवू नका. ताप महिनाभर रेंगाळत असेल तर क्षयाची तपासणीही लगेच करा. ती सरकारी केंद्रात फुकट होते.